आक्काचं आयएलडी, आणि डॉक्टर म्हणे "बाई आहे ते बरंय"

तापीकाठची
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी आक्का, सख्खी, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, चोपड्याकडे दिलीय. केळी, थोडा कापूस, दोन म्हशी. वय ४३. चार-पाच वर्षं झाली, थंडी पडली की तिची बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लालबुंद होऊन चटचट चटके. पहाटे म्हशीखाली बसली की पहिली पाच मिनिटं बोटं वळायचीच नाहीत. आपल्याकडचा डिसेंबरचा गारठा तुम्हाला माहितीये, सगळे म्हणायचे गारठ्याने होतं, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे. मग तोंडाची कातडी ताणल्यासारखी झाली, आणि गंमत बघा, आखाजीला माहेरी आली तर भावकीतल्या बायका म्हणतात आक्का तू तर तरुण दिसायला लागली, सुरकुत्या कुठं गेल्या. भाकरीचा घास घ्यायला तिचं तोंड पुरतं उघडत नव्हतं हे कोणी बघितलं नाही. मीपण नाही.

मग कोरडा खोकला. मग डोक्यावर चाऱ्याचा भारा असला की दम, नंतर भारा नसतानाही दम. तालुक्याच्या एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डाग दिसले, थुंकीत काही सापडलं नाही तरी टीबीच्या गोळ्या सुरू, सहा महिने. वजन उतरलं, दम तिथंच. शेवटी मी नाशिकला घेऊन आले. एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी) झाला, एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का बघायची रक्ततपासणी) झाली, त्यातलीच एससीएल-७० अँटीबॉडी पॉझिटिव्ह. स्क्लेरोडर्मा, म्हंजे कातडी कडक होत जाते तो आजार, आणि त्याच्यामुळं आयएलडी, म्हंजे फुफ्फुसाची नाजूक जाळी जाड आणि कडक होत जाते ते.

आता प्रश्न. डॉक्टर म्हणाले हा आजार बायकांना जास्त, तीन-चार पट तरी. आणि पुढच्याच वाक्यात म्हणे, "पण बाई आहे ते बरंय, पुरुषात फुफ्फुस जास्त बिघडतं." मी तिथं मान डोलावली आणि एसटीत बसल्यावर डोकं चालायला लागलं. बायांना जास्त होतो तर पुरुषांना वाईट का? आणि सासरचे आधीच म्हणताहेत "बायांचं काहीतरी निघालं", त्यांना काय सांगू?

पाचोरा_पॅसेंजर
ताई काळजी घ्या आक्कांची. पण एक सांगू का, राग नका मानू, बायका मनाला फार लावून घेतात, सगळं आतल्या आत. ऑटोइम्यून म्हणजे शरीर स्वतःवरच चिडतं ना? टेन्शननेच होतं हे, आमच्या काकूंचं पण तसंच

तापीकाठची
भाऊ राग नाही पण आक्काच्या फुफ्फुसाचा सीटी आहे माझ्याकडं, त्यात टेन्शन दिसत नाही, जाळं दिसतं.

धुळे_रेसिडेंट
छातीच्या विभागात रेसिडेंट आहे, नाईट ड्युटी संपवून लिहितोय त्यामुळे शुद्धलेखनाला माफी. धाग्यात उपचार सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा मान. पण "का" यावर बोलू शकतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. शरीरानं बाई असणं वेगळं आणि बाई म्हणून जगणं वेगळं. आक्काच्या केसमध्ये दोन्ही लागलेत.

शरीराचं आधी. ल्युपस आणि शोग्रेन (हेही शरीर स्वतःवरच उलटतं त्यातलेच आजार) बायकांना साधारण नऊस एक, साधा संधिवात म्हणजे रुमॅटॉइड तिनास एक, स्क्लेरोडर्माचं तुम्ही लिहिलंच. बाईकडं एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडं एक. डबल डोस होऊ नये म्हणून बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स झोपवला जातो, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ साली मांडली. पण तो पूर्ण झोपत नाही. त्याच्यावरची काही जनुकं जागीच राहतात आणि त्यातलं टीएलआर-७ नावाचं एक थेट रोगप्रतिकारशक्तीचं आहे. एक पुरावा मला फार आवडतो. क्लाइनफेल्टर म्हणून एक प्रकार असतो, पुरुष पण दोन एक्स आणि एक वाय. अशा पुरुषांना ल्युपस होण्याचं प्रमाण बाकी पुरुषांच्या जवळपास चौदा पट, म्हणजे बायकांच्या आसपासच जातं. ते शरीरानं पुरुषच आहेत, स्वयंपाकघरात राबत नाहीत, पाळी नाही, बाळंतपण नाही. तरी होतो. सासरच्यांना हे सांगा.

आणि २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी आणखी पुढचं दाखवलं. एक्स झोपवण्याचं काम झिस्ट नावाचा आरएनए करतो, त्याला ढीगभर प्रथिनं चिकटलेली असतात. पेशी मरून फुटली की हा सगळा गठ्ठा बाहेर पडतो आणि शरीर त्याच्यावरच अँटीबॉडी बनवायला लागतं. त्यांनी नर उंदरांमध्ये तो झिस्ट मुद्दाम चालू केला, तर ज्या जातीच्या उंदरांत अशा आजाराकडं आधीच ओढ होती त्यातल्या नरांनाही मादीसारखा ल्युपससारखा आजार झाला. मादी होण्याची किंमत म्हणा हवं तर.

हार्मोन्स पण आहेत, इस्ट्रोजेन साधारण अँटीबॉडीच्या बाजूनं, टेस्टोस्टेरॉन थोडं दाबणारं, पण ते एका वाक्यात बसत नाही कारण गरोदरपणात रुमॅटॉइड बऱ्याच जणींचा शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, उलट ल्युपस गरोदरपणातच उसळू शकतो. गरोदर बायकांचे सांधे बरे होतात हे अमेरिकेच्या हेंच नावाच्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात नोंदवून ठेवलं होतं आणि शरीरातलाच कुठला तरी पदार्थ हे करतो म्हणून मागे लागले, त्यातून पुढं कॉर्टिसोन आलं, १९५० चं नोबेल. आज आक्काला स्टेरॉइड दिलं असेल तर त्याचं मूळ पोटुशा बायकांच्या गुडघ्यात आहे. (स्क्लेरोडर्मात स्टेरॉइड जपून देतात बरं का, जास्त डोसनं किडनीला धोका असतो, मनानं मेडिकलवरून घेऊ नका.)

पुरुषांचं उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

भुसावळ_जंक्शन
पुरुषांचं मी लिहितो, घरचं आहे.

आमचे आप्पा. रेल्वेतून रिटायर, बिडी तीस वर्षं. साठीनंतर सकाळी हाताची बोटं सुजायची, तासभर मूठ बंद होत नव्हती. आमच्या मोठ्या मायला संधिवात होता, तिची बोटं वाकडी झालेली सगळ्यांनी बघितलेली, पण आप्पांचं कोणाला तसं वाटलंच नाही, कारण संधिवात बायांचा असतो ना. आप्पा स्वतःच म्हणायचे, मी काय बाई आहे का. दोन वर्षं नुसत्या दुखण्याच्या गोळ्या आणि मालिश. दम लागायचा तर बिडीचा दमा म्हणून पंप. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा खाली दोन्ही बाजूंना आवाज, मला पण ऐकवला, बीपीचा पट्टा सोडताना चर्रर्र होतं ना तसाच. अँटी-सीसीपी, म्हणजे रुमॅटॉइडची रक्तातली अँटीबॉडी, इतकी जास्त की लॅबच्या मशीनची मोजायची हद्द संपली. सीटीत मधाचं पोळं, असंच म्हणाले डॉक्टर, हनीकोंब.

तेव्हा कळलं की रुमॅटॉइड बायांना तिप्पट पण रुमॅटॉइडमध्ये फुफ्फुस जाण्याचा धोका पुरुषाला जास्त, त्यात वय आणि बिडी-सिगारेट आली की विचारूच नका. आप्पा गेले २०२२ ला. बायांचा आजार म्हणून दोन वर्षं गेली, हेच माझं म्हणणं.

तापीकाठची
दादा वाचून कसंतरी झालं. म्हंजे आक्काला बाई म्हणून कोणी मनावर घेतलं नाही आणि आप्पांना पुरुष म्हणून.

धुळे_रेसिडेंट
हेच लिहिणार होतो, भुसावळ दादांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं.

थोडी भर. धुरानं फुफ्फुसातल्या प्रथिनांचा साचा बदलतो, त्याला सिट्रुलिनेशन म्हणतात, आणि सीसीपीच्या अँटीबॉडी नेमक्या त्याच बदललेल्या प्रथिनांवर. म्हणजे काही लोकांत भांडणाची सुरुवात सांध्यात नसून फुफ्फुसातच होते, सांधे नंतर दुखतात. बिडी आपल्याकडं पुरुषच जास्त ओढतात, हे गुणसूत्र नाही, हे जगणं. तसंच खडी क्रशर, दगड फोडणं, बोअरवेल. सिलिकाची धूळ आणि स्क्लेरोडर्माचं नातं १९५७ साली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांत इरॅस्मस यांनी दाखवलं, ते सगळे पुरुष होते कारण खाणीत पुरुषच उतरायचे. आपल्या खडीवर बाया पण पाट्या वाहतात, त्यांना कोण विचारतं.

पण सगळं बिडी-धुळीवर ढकलता येत नाही. हे हिशोबात घेऊनही स्क्लेरोडर्माच्या पुरुषात कातडी जास्त पसरून कडक होते, फुफ्फुस जास्त वेळा धरलं जातं, आणि जगण्याची आकडेवारी वाईट येते. फुफ्फुस किती दिवस साथ देईल याचा अंदाज बांधायचा गॅप नावाचा एक स्कोअर आहे, २०१२ चा, मुळात आयपीएफसाठी, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फुफ्फुस कडक होण्याच्या आजारासाठी बनवलेला. त्यात पहिलाच प्रश्न लिंग. बाईला शून्य, पुरुषाला एक मार्क, आणि मार्क जितके जास्त तितकं वाईट. तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात तेच असणार. बोलायची पद्धत मात्र... असो, ओपीडीत शंभर पेशंट असले की आमचीही जीभ अशीच घसरते.

बिबडे_वाळवणारी
मी रावेरची. मला शोग्रेन आहे, अकरा वर्षं. डोळ्यात वाळू, तोंड कोरडं, कळण्याची भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही आणि लोक म्हणतात पाणी पिऊन पिऊन पोट भरतं म्हणून जेवत नाही. ज्या स्वीडिश डोळ्याच्या डॉक्टरच्या नावाचा हा आजार त्याने १९३३ ला जो प्रबंध लिहिला त्यात १९ पेशंट होते आणि १९ च्या १९ बाया. वाचलं तेव्हा हसले, म्हटलं चला आपण जुन्या कंपनीत आहोत.

मला सांगायचंय ते हातांबद्दल. माझ्या जावेला मायोसायटिस निघाला, स्नायूंचा, त्यातली जो-१ अँटीबॉडी. तिच्या बोटांच्या कडा फाटून काळ्या खरखरीत झालेल्या. डॉक्टर लोक याला "मेकॅनिक्स हँड" म्हणतात, गॅरेजवाल्याचे हात. आता तुम्हीच सांगा, गॅरेजवाल्यासारखे हात पुरुषाला झाले तर डॉक्टर विचारतील गॅरेजात आहेस का, नाहीस? मग तपासू. बाईचे हात तसे असले तर? भांडी, राख, कपाशीची बोंडं, शेण. आपल्या भागात चाळिशीच्या कुठल्या बाईचे हात फाटलेले नाहीत सांगा. तिच्या हातांकडं तीन डॉक्टरांनी बघितलं आणि तिन्ही वेळा व्हॅसलीन मिळालं. फुफ्फुस तोवर अर्ध्यावर.

धुळे_रेसिडेंट
ताई हे मी आमच्या सोमवारच्या क्लासमध्ये सांगणार, चालेल ना? तो जो-१ वाला प्रकार फुफ्फुस झपाट्यानं पकडतो, हात फाटणं, ताप, सांधे, दम एकत्र दिसलं की थांबू नये.

पाचोरा_पॅसेंजर
बरं टेन्शनचं मागे घेतो. पण आमच्याकडं जिनिंगवर बायांना दम लागतो तो पण हाच का? आणि कूलरचं काय ऐकतो

धुळे_रेसिडेंट
नाही, ते वेगळे. जिनिंगची कापसाची धूळ म्हणजे बिसिनोसिस, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरता सरता कमी होते, ती जाळी कडक होत नाही. कूलर हा मात्र महत्त्वाचा मुद्दा काढलात भाऊ. २०१७ ला भारतातल्या आयएलडीच्या नोंदी छापून आल्या, १०८४ पेशंट, त्यात जवळपास निम्मे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे (श्वासातून जाणाऱ्या बुरशी-पिसांसारख्या गोष्टींवर फुफ्फुस चिडतं ते), आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कूलर. संधिवाताच्या जातीचं आयएलडी त्यात १३.९ टक्के. जळगाव-भुसावळला मे मध्ये ४५ च्या पुढं पारा जातो, कूलर बंद करा कसं म्हणणार, पण वाळ्याची ताटी कुजून बुरशी धरलेली आणि टाकीत गेल्या वर्षीचं पाणी असं नको. कबुतरं पण तशीच. ते बाहेरच्या गोष्टीवर चिडणं आहे, आक्काचं स्वतःवर. सीटीत दोन्ही सारखे दिसू शकतात म्हणून रक्त तपासावं लागतं.

सातपुड्याचा_पायथा
जळगावात पीएफटी, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी करतो, रोज दहा-बारा लोकांना "फुंका फुंका फुंका" ओरडतो, घसा माझाच बसतो. माझ्या टेबलावरून दिसतं ते लिहितो.

एक. स्क्लेरोडर्माच्या बाईला ऑक्सिमीटर बोटाला लावू नका. बोटं गार, रक्त पोचत नाही, मशीन ८४ दाखवतं आणि घरचे रडायला लागतात. कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा वेगळा सेन्सर मिळतो. नसेल तर हात गरम पाण्यात धरून मग बघा. नेलपॉलिश काढून या.

दोन. डीएलसीओ म्हणून एक तपासणी असते, फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते. ती हिमोग्लोबिनवर चालते. माझ्याकडं ८-९ हिमोग्लोबिनच्या बाया येतात, रिपोर्ट फुफ्फुसापेक्षा वाईट निघतो. त्या दिवशीचं हिमोग्लोबिन सांगा म्हणजे दुरुस्ती करता येते. पुरुषांत हा घोळ कमी.

तीन. तोंड उघडत नसेल तर आधीच सांगा, लहान माउथपीस लावू. बाजूनं हवा गेली की आकडा खोटा. आणि सासूबाईंसमोर जोरात फुंकायला लाजतात बाया, खरं सांगतो, सासूला बाहेर बसवलं की तीच बाई दोनशे एमएल जास्त काढते. हे कुठल्या पुस्तकात नाही.

तापीकाठची
दोनशे एमएल 😂 आक्काची सासू आत होती. पुढच्या वेळी मी जाते सोबत.

शहादा_२७
पहिल्यांदाच लिहितेय. मला पण स्क्लेरोडर्मा आहे, दीड वर्ष. फुफ्फुसात थोडं आहे, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबायची गोळी) सुरू आहे. माझं लग्न ठरायचंय. घरच्यांनी सांगितलंय स्थळाला काही बोलायचं नाही. गोळ्यांच्या पाकिटावर गरोदर बायांसाठी इशारा आहे. आता मी काय करू

बिबडे_वाळवणारी
बाळा, आधी डॉक्टरांना स्पष्ट विचार, लाजू नको. ही गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळाला व्यंग येऊ शकतं आणि गर्भ पडू शकतो. मेथोट्रेक्सेटचं तेच. नवीन निंटेडानिबचं पण. पण याचा अर्थ मूल होणारच नाही असा नाही. आजार शांत असेल तर आधी ठरवून औषध बदलतात, एझाथायोप्रिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन अशी चालणारी आहेत. मनानं गोळी बंद करायची नाही, मी केली होती एकदा, लग्नाच्या गडबडीत, दोन महिन्यात दम दुप्पट.

धुळे_रेसिडेंट
बरोबर. आणि अजून एक, पूर्वी याला सायक्लोफॉस्फामाइडची सलाईनं द्यायचे, त्यानं बीजकोश निकामी होऊ शकतात, वय वाढेल तसा धोका जास्त. २०१६ ला एक मोठा अभ्यास आला, मायकोफेनोलेट दोन वर्षं विरुद्ध सायक्लोफॉस्फामाइड एक वर्ष, फुफ्फुसाला फायदा जवळपास सारखाच, आणि मायकोफेनोलेट सोसायला सोपं. तुमच्या वयाच्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलाय का हे मात्र लग्नाआधी नाही, दिवस राहण्याआधी नक्की बघून घ्या, टूडी इको. दाब जास्त असेल तर गरोदरपण आईच्या जिवावर बेततं, तिथं डॉक्टर नकोच म्हणतात.

भुसावळ_जंक्शन
आणि स्थळाला सांग ताई. आप्पांचं दोन वर्षं लपवलं नव्हतं, नुसतं कोणी विचारलं नव्हतं, तरी एवढं झालं. लपवलं तर गोळी कोणासमोर घेणार?

पाचोरा_पॅसेंजर
हे मात्र खरंय. माझ्या पुतणीचं असंच झालं, दुसरा आजार होता, पण गोळ्या माळ्यावरच्या डब्यात ठेवून खायची. नको ते.

शहादा_२७
आईला वाचून दाखवला हा सगळा धागा. ती काही बोलली नाही, पण उद्या डॉक्टरांकडं ती स्वतः येते म्हणाली.

कळणा_भाकर
उशिरा आलो धाग्यावर. एक बारीक शंका, चुलीचा धूर? आमच्या आईला साठीत आयएलडी निघालं, बिडी कधी हातात धरली नाही, पण चाळीस वर्षं चूल, पऱ्हाट्या जाळून. उन्हाळ्यात खापरावरचे मांडे, कुरडया, पापडाचा खिशा, सगळं धुरातच.

धुळे_रेसिडेंट
चुलीच्या धुरानं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आवळत जाणारा दम्यासारखा आजार होतो हे पक्कं. ऑटोइम्यूनमध्ये सिगारेटइतका सरळ हिशोब मांडता येत नाही, पण कडक झालेल्या फुफ्फुसाला धूर चालतच नाही हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. त्यांच्या आयएलडीचा प्रकार कुठला निघाला? अँटीबॉडी झाल्यात का? नसतील तर करून घ्या, सांधे दुखत नसले तरी.

कळणा_भाकर
नाही झाल्या. वय झालं म्हणाले. करतो.

तापीकाठची
अपडेट देते. परवा आक्काची परत पीएफटी झाली, यावेळी मी आत होते आणि सासूबाई बाहेर बाकावर, बिस्किटाचा पुडा देऊन बसवल्या. लहान माउथपीस मागितला, कानाच्या पाळीला क्लिप लावून घेतली. बोटावर ८८ यायचं ते कानावर ९५ आलं. एफव्हीसी, म्हंजे एका फुंकरीत बाहेर काढलेली एकूण हवा, मागच्या वेळेपेक्षा थोडी वर, औषधाने की सासू बाहेर असल्याने ते माहीत नाही 😄 सहा महिन्यांनी परत. म्हशी आता दीर काढतो, कुरकुर करत का होईना. आक्काला लोकरीचे हातमोजे घेतले, ती ते घालून चहा पिते आणि गल्लीतल्या बाया विचारतात काय व्हयनं. तर ती सांगते, "मना हात थंडीले घाबरतस, आनि मनं फुफ्फुस मनावरच चिडेल शे." मग त्यातली एक हळूच म्हणाली, मनीबी बोटं पांढरी पडतस.

तिला आणतेय पुढच्या आठवड्यात.